विमानाच्या मॉडेलचे पार्ट लेझर, राउटर, हॉटवायरवर कापणे: ड्रॉइंगपासून जुळणीपर्यंत

रिबस्पार:

नमस्कार मंडळी. आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) आणि फ्री फ्लाइट (सोडली की आपली आपण उडणाऱ्या) मॉडेलचे पार्ट मशीनवर कापण्याबद्दल बोलणं तुकड्यातुकड्यात बरंच होतं, पण एका जागी काही नाहीये, म्हणून हा धागा. मला लेझरचं त्यातल्या त्यात जास्त कळतं, तिथून सुरुवात करतो, राउटर आणि फोमवाल्यांनी भर घाला प्लीज.

आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. जुना प्लॅन स्कॅन करायचा, त्यावर रेघा ओढायच्या आणि फाइल मशीनला द्यायची, असं केलं की पार्ट तर निघतात पण विमान जुळत नाही. कारण तो प्लॅन हातात कटर घेऊन बसणाऱ्या माणसासाठी काढलेला असतो. खाचेची रुंदी त्यात अंदाजे दाखवलेली असते, बांधणारा स्पारची (पंखाच्या लांबीभर जाणारी, आधाराची) काठी लावून बघणार, दोन हात पॉलिश पेपर मारणार आणि मग बसवणार हे त्यात धरलेलंच असतं. मशीन लावून वगैरे काही बघत नाही, रेघ दिसली की कापलं. म्हणजे जो विचार पूर्वी बांधता बांधता व्हायचा तो आता सगळा ड्रॉइंग करतानाच संपवावा लागतो, आणि वेळ द्यायचा तो तिथेच द्यायचा, मशीनसमोर फार वेळ लागत नाही.

आता मुद्द्यांवर येतो.

स्कॅन: कागद दमट हवेत फुगतो, रोलरमधून जाणारा स्कॅनर लांबीच्या दिशेने थोडा ताणतो, त्यामुळे आडवं आणि उभं माप वेगवेगळं चुकलेलं असतं. प्लॅनवर लिहिलेली दोन मापं शोधा, एक आडवं एक उभं, आणि दोन्ही दिशांना वेगवेगळं स्केल करा. फॉर्मर (फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, आडव्या चौकटी) ट्रेस करताना अर्धाच करा आणि मिरर करा, नाहीतर जुन्या ड्रॉइंगमधला वाकडेपणा तुमच्या फ्युजलाजमध्ये येतो. रिब (पंखाच्या फासळ्या) तर ट्रेस करूच नका, एअरफॉइलचं (पंखाच्या छेदाच्या आकाराचं) नाव प्लॅनवर असतंच, त्याचे कोऑर्डिनेट्स घ्या आणि नव्याने काढा.

जाडी: ३ मिमी म्हणून आलेला प्लाय वर्निअर लावला की २.८ पण निघतो आणि ३.२ पण. खाचेची रुंदी ड्रॉइंगमध्ये आकडा म्हणून टाकू नका, पॅरामीटर ठेवा, म्हणजे शीट बदललं की एकच आकडा बदलायचा.

कर्फ: किरण जिथून जातो तिथलं लाकूड जळून जातं, त्या फटीची रुंदी म्हणजे कर्फ. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरवर ३ मिमी बाल्सात (मॉडेलसाठी वापरतात त्या हलक्या लाकडात) साधारण ०.१ ते ०.२ मिमी धरून चाला. आता समजा कर्फ ०.१५ आहे आणि तुम्ही रेघेवरच कापलं. १० मिमीचा टॅब (खाचेत बसणारा दात) ९.८५ झाला, १० मिमीची खाच १०.१५ झाली, मधे ०.३ ची ढिलाई. एका जोडात चालून जातं, पण ओळीने सगळे फॉर्मर असे डुगडुगायला लागले की फ्युजलाज सरळ राहत नाही. म्हणून बाहेरच्या रेघा अर्ध्या कर्फने बाहेर आणि आतल्या रेघा अर्ध्या कर्फने आत सरकवायच्या.

ग्रेन, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा: प्रत्येक पार्टवर तिचा बाण काढा, न कापणाऱ्या लेयरवर. रिबला ग्रेन कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) दिशेने, दोन स्पारच्या मधल्या शिअर वेबला (वरखालच्या स्पारना जोडणाऱ्या पातळ पट्टीला) मात्र उभी. शिअर वेब आडव्या ग्रेनची लावली तर ती तिथे असून नसल्यासारखीच.

शीटिंग: पंखावर १.५ मिमी बाल्सा चढणार असेल तर रिबची कड सगळीकडून १.५ मिमी आत घ्या. स्केल करून लहान करायचं नाही, ऑफसेट करायचं. स्केल केलं की पुढे नाकाकडे एक आणि जाड भागात वेगळंच अंतर सुटतं, आणि एअरफॉइलचं पार वाटोळं होतं.

एवढं पुरे सुरुवातीला. बाकी विचाराल तसं लिहितो.

पतंग्या:

दादा खूपच कामाचा धागा काढलात!! माझ्याकडे छोटं डायोड लेझर आहे आणि डेप्रॉनची (पातळ फोम शीटची) विमानं बनवतो, आता बाल्साकडे वळायचंय. प्रश्न असे की (१) डायोडवर ३ मिमी लाइट प्लाय कापला जातो का (२) डेप्रॉन लेझरवर कापलं तर चालेल का आणि (३) कॉकपिटची काच पण त्यावरच कापता येईल का, म्हणजे वेगळं मशीन घ्यायला नको.

डिहेड्रल:

पतंग्या, तिन्हींची उत्तरं वेवलेंग्थमध्ये आहेत. डायोड लेझर ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो आणि सीओटू लेझर १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड. लाकूड दोन्ही शोषतं. पारदर्शक अॅक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार निघून जातो, त्यामुळे डायोडवर ते कापलंच जात नाही, सीओटूवर मात्र लोण्यासारखं कापलं जातं आणि कड पण चकचकीत येते. पण कॅनपी बहुतेक वेळा पातळ पेटजी किंवा पीव्हीसीची व्हॅक्यूम फॉर्म केलेली असते आणि पीव्हीसी कुठल्याच लेझरखाली घालायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, पाण्याची वाफ मिळाली की त्याचं आम्ल होतं, फुप्फुसं तर जातातच पण मशीनचे रॉड आणि आरसे पण गंजतात. कुठलं प्लास्टिक आहे ते नक्की माहीत नसेल तर कापू नका, विषय संपला. कॅनपीला कात्री बेस्ट.

लाइट प्लाय डायोडवर जातो, एकापेक्षा जास्त पासमध्ये, नोझलमधून हवा मारणारा एअर असिस्ट हवाच. लाइट प्लाय म्हणजे पॉपलरसारखं हलकं लाकूड, ते सोपं. बर्च प्लाय जड जातो, आणि त्यातही खरी अडचण लाकडापेक्षा ग्लूची असते, बाहेरच्या हवेत टिकणारा म्हणून जो प्लाय येतो त्यातला फिनॉलिक ग्लू किरणाला अडवतो, काळाकुट्ट होतो पण तुटत नाही. आतल्या वापरासाठीचा, फिकट ग्लूवाला प्लाय घ्या.

डेप्रॉनचं म्हणाल तर ते एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरिन. वितळतं, कड आत ओढली जाते आणि पेटतं फार पटकन. पातळ शीट कमी पॉवरवर कापणारे आहेत पण मी सांगणार नाही कुणाला. त्यासाठी नीडल कटर बघा, पियानो वायरचा बारीक तुकडा शिवणयंत्राच्या सुईसारखा खालीवर होतो आणि फोम टोचत टोचत कापतो. ना धूर, ना आग, कड पण छान येते.

आणि हो, गॉगल. मशीनबरोबर येणाऱ्या हिरव्या किंवा लाल काचेवर विसंबू नका, गॉगलवर तुमच्या लेझरची वेवलेंग्थ आणि ओडी (काच तो प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) लिहिलेला असलाच पाहिजे. सीओटूचा गॉगल निळ्या डायोडला चालत नाही. मशीन चालू असताना खोली सोडून जायचं नाही, बाल्सा पातळ आणि कोरडा, पेटायला एक ठिणगी पुरते.

ग्लोप्लग:

तुम्हा मुलांचा उत्साह बघून बरं वाटतं, पण एक जुना माणूस म्हणून थोडं विरुद्ध बोलतो. आम्ही रिब सँडविच पद्धतीने करायचो. प्लायचे दोन टेंप्लेट, एक रूटचा (पंखाच्या मुळाचा) एक टिपचा (टोकाचा), मधे बाल्साच्या पट्ट्या, दोन बोल्ट घालून घट्ट आवळायचं आणि रंधा, मग पॉलिश पेपर. सगळ्या रिब एका बैठकीत एकसारख्या. खाचा पण एकत्रच कापल्या जायच्या. तेव्हा मशीनशिवाय अडतं असं काही नाही. आणि लेझर कट म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच किटमध्ये आकार अगदी अचूक पण लाकूड दगडासारखं जड, असं कितीदा तरी हातात आलंय. आकार चांगला म्हणून विमान चांगलं उडेल असं नसतं.

रिबस्पार:

काका, लाकडाबद्दल शंभर टक्के सहमत. मशीन लाकूड निवडून देत नाही, ते काम आपलंच. आणि त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो. १००० × १०० × २ मिमीचं शीट म्हणजे २०० घन सेंटिमीटर. ते २० ग्रॅम भरलं तर घनता १०० किलो प्रति घनमीटर, ३२ ग्रॅम भरलं तर १६०. दोन्ही शीट दिसायला सारखीच, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली. शीटवर पेन्सिलीने वजन लिहून ठेवा आणि मग ठरवा, हलकं शेपटीला आणि रिबला, मधलं शीटिंगला, जड आणि कडक असेल ते स्पारला. शेपटीतला एक ग्रॅम नाकात तीन-चार ग्रॅम शिसं मागतो, सीजीपासूनच्या (गुरुत्वमध्यापासूनच्या) अंतराचा हिशोब आहे तो.

त्याच्याही पुढे जाऊन शीट कशा तऱ्हेने चिरलंय ते बघा. लांब सरळ रेषा दिसतात ते ए ग्रेन, आडवं सहज वाकतं, गोल फ्युजलाजवर गुंडाळायला छान. माशाच्या खवल्यासारखे चमकदार ठिपके दिसतात ते सी ग्रेन, आडवं वाकवायला गेलं की मोडतं पण ताठ राहतं आणि वाकडं होत नाही, रिब आणि शेपटीला हेच. बी ग्रेन मधलं. हे बघून शीट मशीनवर ठेवायचं. ज्या किटमध्ये सगळे पार्ट एकाच गठ्ठ्यातल्या शीटवर कापलेले असतात तिथे हा विचार झालेला नसतो, तुम्ही म्हणता तो जडपणा तिथून येतो.

सँडविचबद्दल मात्र एक सांगतो, सरळ पंखाला ती पद्धत उत्तमच. टेपर (टोकाकडे निमुळत्या) पंखात रूट आणि टिपमध्ये फरक जास्त असला की प्रत्येक रिबची कड तिरकी येते, म्हणजे एका बाजूने मोठी दुसऱ्या बाजूने लहान, आणि पंख उलटसुलट केला की डावी उजवी बाजू वेगळ्या होतात, ते परत घासून सारखं करावं लागतं. एलिप्टिकल (लंबवर्तुळाकार) पंख असेल, स्पिटफायरसारखा, तर सँडविच चालतच नाही, तिथे प्रत्येक रिब वेगळी. तिथे मशीनला तोड नाही.

टेलहेवी:

रिबस्पार दादा, ड्रॉइंगच्या बाजूचं मी लिहिते, माझं रोजचं काम कॅडचंच आहे.

एअरफॉइलचे कोऑर्डिनेट्स इलिनॉय विद्यापीठाच्या यूआययूसी संग्रहात मिळतात, १६०० च्या वर एअरफॉइल आहेत तिथे, साध्या टेक्स्ट फाइल. कॉर्ड १ धरून आकडे दिलेले असतात, तुमच्या कॉर्डने गुणायचं. नाका (NACA) मालिकेतलं चारअंकी एअरफॉइल असेल तर फाइल पण नको, सूत्रानेच निघतं. २४१२ म्हणजे कॅम्बर (मधल्या रेषेचा बाक) कॉर्डच्या २ टक्के, तो कॉर्डच्या ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के. एक लक्षात ठेवा की ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) कागदावर जवळजवळ शून्य जाडीची येते, तशी कापली तर जळून तरी जाते नाहीतर हातात तुटते. रिब तिथे आधीच संपवा आणि मागे ट्रेलिंग एजची तयार पट्टी लावा.

पॉइंट जोडताना सरळ रेघांनी जोडू नका, विशेषतः लीडिंग एजला (पुढच्या कडेला), तिथे बारीक बारीक पैलू दिसतात. स्प्लाइन (बिंदूंमधून जाणारी गुळगुळीत वक्र रेघ) काढा, पण एक्स्पोर्ट करताना मशीनच्या सॉफ्टवेअरला स्प्लाइन कळतं का ते आधी बघा. जुनी सॉफ्टवेअर फक्त रेघा आणि आर्क वाचतात, त्यांच्यासाठी डीएक्सएफ आर१२ (ड्रॉइंग फाइलचा जुना प्रकार) मध्ये पॉलिलाइन (छोट्या रेघांची साखळी) करून पाठवायचं, टॉलरन्स ०.०२ वगैरे ठेवा. फाइल हजारो तुकड्यांची झाली तर मशीन वळणावर थबकत थबकत जातं आणि थांबेल तिथे लाकूड जास्त जळतं. कड बघूनच कळतं, काळे ठिपके ओळीने दिसतात.

डबल रेघा. दोन पार्ट शेजारी ठेवले आणि कड सामाईक झाली, किंवा कॉपी पेस्टमध्ये एकावर एक दोन रेघा राहिल्या, की लेझर तिथून दोनदा जातं. स्क्रीनवर काही दिसत नाही. पाठवायच्या आधी डुप्लिकेट काढायची कमांड चालवायचीच.

इंकस्केपवाल्यांसाठी वेगळं सांगते. २०१७ च्या ०.९२ व्हर्जनपासून त्यांनी इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. जुन्या ९० वाली फाइल ९६ धरून उघडली गेली की सगळं ०.९३७५ पट होतं, १२०० मिमीचा पंख ११२५ चा. असं काही झालं तर विचित्र आकडा दिसतो म्हणून लोक मशीनच्या बेल्टवर संशय घेतात. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन ठेवा, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की पहिलं तो मोजायचा. इंच आणि मिमीची गडबड पण, २५.४ पट, तिथेच पकडली जाते.

आणि नेस्टिंग. डीपनेस्टसारखं सॉफ्टवेअर शीटवर पार्ट इतके छान बसवतं की बघत राहावं, पण त्याला लाकडाची ग्रेन माहीत नसते. ९० अंशात फिरवायची परवानगी दिली की निम्म्या रिब आडव्या ग्रेनच्या येतात. फक्त १८० अंशात फिरवायची मुभा ठेवा. थोडं शीट वाया जातं, जाऊ दे.

पतंग्या:

ताई एकदम भारी माहिती, ग्रेनचं तर डोक्यातच आलं नसतं. आता एक, कर्फ नक्की मोजायचा कसा? फटीत वर्निअरचं टोक जातच नाही.

रिबस्पार:

फट मोजायचीच नाही. १०० मिमी लांब पट्टी काढ, तिच्यात दर १० मिमीवर आडवी रेघ, म्हणजे १० तुकडे. कर्फ ऑफसेट शून्य ठेवून काप. सगळे तुकडे परत ओळीने एकमेकांना चिकटवून ठेव, सपाट पट्टीला टेकवून, आणि एकूण लांबी मोज. प्रत्येक तुकड्याचा एक एक कर्फ गेलेला असतो, त्यामुळे ९८.४ भरले तर १.६ भागिले १०, कर्फ ०.१६. वर्निअरची बारीकसारीक चूक पण दहात वाटली जाते.

हे ज्या शीटवर खरे पार्ट कापणार त्याच शीटच्या कोपऱ्यावर करायचं, दुसऱ्या तुकड्यावर नाही. बाल्सा आणि प्लायचा कर्फ वेगळा, हलक्या आणि जड बाल्साचा पण वेगळा, आणि फोकस जरा हलला की परत वेगळा. किरण मधे बारीक आणि वर-खाली पसरलेला असतो ना, त्यामुळे जाड प्लायमध्ये कड थोडी तिरकी येतेच. फोकस वरच्या पृष्ठभागावर न ठेवता जाडीच्या मधोमध ठेवला तर ती तिरपाई दोन्हीकडे वाटली जाते.

मग त्यानंतर एक कंगवा काप. प्लायची पट्टी घ्यायची, तिला ओळीने खाचा, २.८, २.९, ३.०, ३.१ अशा, प्रत्येकीखाली आकडा कोरलेला. त्याच प्लायचा तुकडा एकेका खाचेत घालून बघ. बोटाने दाबला की जातो, उलटा धरला तरी पडत नाही, ती तुझी खाच. हातोडीने ठोकावं लागलं तर घट्ट आहे, ग्लूला जागाच राहणार नाही आणि हलका प्लाय कोपऱ्यात चिरतो.

वातकुक्कुट:

राउटरच्या बाजूने मी. छोट्या सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या, फिरत्या बिटने कापणाऱ्या मशीनवर) बाल्सा, प्लाय, जी१० (काचतंतू आणि रेझिनची प्लेट) आणि कार्बन प्लेट चारही कापतो. लेझर वेगवान आहे मान्य, पण ६ मिमी बर्चची फायरवॉल (मोटर जिच्यावर बसते ती पुढची भिंत), लँडिंग गिअरची प्लेट, मोटर माउंट, इथे राउटरच. कड जळलेली नसते त्यामुळे इपॉक्सी थेट लाकडात मुरतं. आणि लेझर कार्बनला उपयोगाचं नाही, रेझिन जळतं आणि धागे तसेच राहतात.

पहिला फरक कोपऱ्यात. लेझर आतला कोपरा टोकदार कापतं, राउटरचं बिट गोल असतं. २ मिमी बिट म्हणजे आतल्या कोपऱ्याला १ मिमी त्रिज्या राहणारच, आणि चौकोनी टॅब तिथे बसत नाही. म्हणून खाचेच्या कोपऱ्यात बिट थोडं बाहेर नेऊन गोल खिसा करायचा, डॉगबोन म्हणतात. कॅममध्ये (कापायचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तयार ऑप्शन असतो. लेझरसाठी काढलेली फाइल थेट राउटरला दिली तर हे राहून जातं.

दुसरं, बाल्साला धूसर कड येते, केसाळ. त्यावर उपाय धारदार बिट आणि डाउनकट, म्हणजे जे भुसा खाली ढकलतं आणि वरचे धागे दाबून कापतं. अपकट बिट पातळ शीट उचलतं आणि फाडतं. फीड (बिट सरकायचा वेग) ठरवताना चिपलोड (एक दात एका फेरीत किती कापतो) बघा. फीड भागिले आरपीएम भागिले फ्लूट (बिटचे दात). मिनिटाला १००० मिमी, १२००० आरपीएम, दोन फ्लूट, तर एका दाताला ०.०४२ मिमी, बारीक बिटला ठीक. स्पिंडल २४००० वर ठेवून हळूहळू चालवलं की काळजी घेतल्यासारखं वाटतं पण उलट होतं, बिट कापायच्या ऐवजी घासतं, तापतं आणि लाकूड करपतं.

तिसरं, शीट धरून ठेवणं. क्लॅम्पने कडा धरल्या जातात पण मधे २ मिमी बाल्सा फडफडतो. माझी पद्धत अशी की खालच्या एमडीएफ बोर्डवर मास्किंग टेप, शीटच्या पाठीवर पण मास्किंग टेप, आणि दोन टेपच्या मधे सुपरग्लू. घट्ट बसतं, काम झालं की टेप सोलून निघतो, लाकडाला काही होत नाही. छोट्या पार्टना शीटला धरून ठेवणारे टॅब ठेवायची गरजच पडत नाही. आतली भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, हे लेझरला पण लागू. बाहेरची कड आधी कापली तर पार्ट जरासा हलतो आणि मग आतलं भोक जागेवर पडत नाही.

आणि कार्बन. कृपा करून कोरडा कापू नका. धूळ फुप्फुसात जाते आणि ती वीजवाहक असते, कंट्रोलर बोर्डवर बसली की शॉर्ट. पाण्याच्या ट्रेमध्ये प्लेट बुडवून कापा, डायमंड कट कार्बाइड बिट वापरा, मास्क तरीही घाला. राहिलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, गाळ बसू द्या आणि पुसून ओला असतानाच पिशवीत बंद करा.

डिहेड्रल:

+१, विशेषतः कार्बनसाठी. वातकुक्कुट, एक विचारायचं होतं, फायरवॉलचा राइट थ्रस्ट (मोटर थोडी उजवीकडे वळवणं) तुम्ही माउंटखाली वॉशर घालून देता का ड्रॉइंगमध्येच?

वातकुक्कुट:

ड्रॉइंगमध्येच. दोन्ही साइड प्लेटमधल्या फायरवॉलच्या खाचा पुढेमागे घेतो, आणि डाउन थ्रस्टसाठी (मोटर थोडी खाली झुकवायला) खाच तिरकी. फायरवॉल १०० मिमी रुंद असेल तर २ अंशाला ३.५ मिमी फरक. विमानाच्या वरून बघितलं तर उजवीकडची खाच मागे. शिवाय शाफ्टचं टोक मध्यावर यावं म्हणून मोटरची भोकं फायरवॉलवर डावीकडे सरकवायची. शाफ्टचं टोक फायरवॉलपासून ६० मिमी पुढे असेल तर २ अंशाला साधारण २.१ मिमी. एकदा कापलं की कोन मोजत बसायला नको, फायरवॉल एकाच तऱ्हेने बसते.

नायक्रोम:

फोमवाल्यांची आठवण काढलीत म्हणून आलो. चार अॅक्सिसचं हॉटवायर मशीन म्हणजे दोन मनोरे, प्रत्येकाला आडवी आणि उभी हालचाल, मधे ताणलेली गरम तार. एका बाजूला रूटचं एअरफॉइल, दुसऱ्या बाजूला टिपचं, दोन्ही बाजू एकाच वेळी सुरू आणि एकाच वेळी संपतात. जेडीकटसारखं सॉफ्टवेअर यासाठीच आहे.

इथला कर्फ लाकडापेक्षा वेगळा वागतो. तार फोमला टेकून कापत नाही, टेकली तर ती ओढली जाते आणि मधे मागे राहते, पंख मधोमध जाड निघतो. आपल्या उष्णतेने पुढचा फोम वितळवत जाणं हे तिचं काम. त्यामुळे फटीची रुंदी वेगावर असते. आता रूटची कॉर्ड २५० आणि टिपची १५० असेल तर टिपकडची तार ६० टक्के वेगानेच सरकते, तेवढा वेळ जास्त थांबते आणि जास्त वितळवते. एकच कर्फ दोन्हीकडे दिला तर टिप हमखास पातळ. त्यासाठी एकाच तापमानाला दोन वेगवेगळ्या वेगाने सरळ काप घ्यायचे, दोन्ही फटी मोजायच्या, आणि सॉफ्टवेअरला दोन्ही आकडे द्यायचे.

सुरुवात मिनिटाला २०० ते ३०० मिमीच्या आसपास, आणि तापमान इतकं की मागे बारीक केसासारखे धागे सुटतात, धूर दिसता कामा नये. ईपीपी (लवचिक फोम) जरा जास्त उष्णता मागतं. तारेला स्प्रिंगने ताण द्या, गरम झाली की लांबते. कोर (कापलेला फोमचा पंख) काढल्यावर वरखाली राहिलेले फोमचे ब्लॉक टाकू नका, शीटिंग चिकटवताना कोर त्यातच ठेवून वजन ठेवायचं, पंखाला पीळ पडत नाही.

पॉलियुरेथेन फोम हॉटवायरवर अजिबात नाही. तो वितळत नाही, जळतो, आणि धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. पॉलिस्टायरिनला पण खिडकी उघडी आणि पंखा हवाच.

ग्लोप्लग:

वाचतोय सगळं. सीएनसीचा जन्मच पंखासारख्या आकारातून झालाय हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. अमेरिकेत जॉन पार्सन्स १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या रोटर ब्लेडचं काम करत होता, ब्लेडच्या एअरफॉइलचे टेंप्लेट अचूक हवे होते. त्याच्याबरोबरच्या फ्रँक स्टुलेनने वक्रावरचे पुष्कळ बिंदू पंचकार्डवाल्या हिशोबाच्या यंत्रावर काढायची कल्पना मांडली, आणि मग ते बिंदू थेट मशीनलाच दिले तर, असा विचार पुढे गेला. १९५२ मध्ये एमआयटीने पहिलं न्यूमेरिकल कंट्रोल मिलिंग मशीन दाखवलं ते याच कामातून. तुम्ही कोऑर्डिनेट्सवरून रिब काढता, ते मूळ काम हेच. हे वाचून मलाही एकदा एलिप्टिकल पंख असा करून बघायची इच्छा झालीय. रिबस्पार, जळलेल्या कडेला ग्लू धरतो का हे सांगा, माझी तीच शंका आहे.

रिबस्पार:

काका, जरूर करा, फाइल मी बघून देईन.

ग्लूचं असं आहे, हलकी तपकिरी कड असेल तर पांढरा ग्लू किंवा पिवळा अॅलिफॅटिक व्यवस्थित धरतो. बोट लावलं की काळं उठतं अशी कड असेल तर ग्लू कोळशाला चिकटतो, लाकडाला नाही. पातळ सुपरग्लूला हा त्रास जास्त, तो आत मुरायला बघतो आणि कोळशाचा थर आडवा येतो. ३२० चा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर लावून एक-दोन हलके हात पुरतात, जास्त घासलं तर ज्या मापासाठी एवढं केलं ते माप जातं. फायरवॉल, पंखाचा जॉइनर, लँडिंग गिअर, इथे मात्र लाकूड दिसेपर्यंत साफ करून इपॉक्सीच. आणि रिबची वरची कड, जिथे पारदर्शक फिल्म चिकटणार, ती पण पुसून घ्या, काजळी फिल्मखालून कायम दिसत राहते. कड फार काळी येत असेल तर वेग वाढवा आणि हवा वाढवा.

पतंग्या:

शेवटचा प्रश्न. वॉशआउट (टिपकडे पंखाची मागची कड वर उचलणारा पीळ) मशीनवर कसा देतात? बोर्डवर बांधताना मागे पट्टी घालून उचलतात तसंच का?

रिबस्पार:

पट्टीची गरज नाही, रिबलाच पाय काढायचे. प्रत्येक रिबच्या खाली दोन पाय, एक पुढे एक मागे, सगळ्यांचे तळवे एकाच सरळ रेघेत. टिपची रिब आधी पाहिजे तेवढी फिरवायची, २ अंश म्हण, आणि मग पाय त्या रेघेपर्यंत ओढायचे. कॉर्ड १८० असेल तर ट्रेलिंग एज ६.३ मिमी वर येते, मागचा पाय तेवढा लांब होतो. मधल्या रिबना प्रमाणात कमी कमी, रूटला शून्य. बोर्ड सपाट असला की पंख आपोआप योग्य पिळाचा उभा राहतो, आणि डावा उजवा सारखा. टिपकडे कॉर्ड लहान असते, तिथे हवा लवकर सुटते, वॉशआउटमुळे रूट आधी स्टॉल होतो (उचल गमावतो) आणि विमान एका पंखावर पडत नाही, म्हणून हे चुकवायचं नाही.

टेलहेवी:

पाय तोडायचे कसे ते पण सांगते. पाय आणि रिबच्या मधे रेघ सलग कापू नका, तुटक द्या, मधे दोन ठिकाणी मिलिमीटरभर लाकूड राहू दे. आणि ती तुटक रेघ रिबच्या खालच्या कडेवरच हवी, जरा खाली राहिली तर शीटिंगखाली गाठी दिसतात. वरचं शीटिंग पूर्ण वाळल्यावरच पंख बोर्डवरून उचलायचा, मग पाय बोटाने मोडायचे आणि कड सपाट ठोकळ्याने घासून खालचं शीटिंग घ्यायचं. पतंग्या, फाइल झाली की इथे टाक, कापायच्या आधी ग्रेनचे बाण आणि डुप्लिकेट रेघा मी बघते.